हातात किती येते? पगारपत्रक वाचण्याचा पाठ

या अंकातील अभ्यासपाठ आरोग्य खात्यात काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी आहे, आणि तितकाच त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. आरोग्यसेविका, आरोग्यसेवक, अधिपरिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कंत्राटी सिस्टर, रुग्णवाहिकेचा चालक अशी कितीतरी मुले आज आपल्या पाड्यांतून पुढे गेली आहेत. बऱ्याच घरांत दरमहा ठरलेल्या तारखेला पगार आणणारे हे पहिलेच माणूस असते. त्यामुळे पगार म्हणजे काय, तो कापला का जातो, हे सांगणारे घरात कोणी नसते. गटात किंवा घरी बसून हा पाठ वाचावा. शक्य असेल तर स्वतःचे पगारपत्रक समोर ठेवावे.

एका घरातली गोष्ट

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या बाजूला आमचे येणेजाणे असते. तिथल्या एका पाड्यावरची मुलगी आश्रमशाळेत शिकली, एएनएमचा कोर्स केला आणि उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून लागली. गावात बातमी पसरली की पोरीला बेचाळीस हजार पगार आहे. वडिलांनी त्या भरवशावर मोठ्या मुलाच्या लग्नासाठी उचल घेतली आणि दरमहा अमुक रक्कम देईन असा शब्द दिला.

पहिले दोन महिने कागदपत्रांत गेले, पगारच झाला नाही. तिसऱ्या महिन्यात झाला तेव्हा खात्यावर बेचाळीस नव्हते, सदतीससुद्धा पूर्ण नव्हते. वडिलांना वाटले, पोरगी पैसे मागे ठेवते. भावाला वाटले, कार्यालयातला कोणीतरी खातो. शेजारच्या एकाने तर सांगितले की आदिवासींना सगळे कर माफ असतात, म्हणजे ही उघड लूट आहे. बाप-लेकीचे बोलणे बंद झाले. मुलगी मला म्हणाली, "दादा, मी एक रुपया लपवला नाही. पण कुठे गेले ते मलाच सांगता येत नाही."

चूक कोणाचीच नव्हती. कागद कोणी वाचला नव्हता, एवढेच. भोंगऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी आम्ही ओट्यावर बसलो. तिने पगारपत्रक आणले, मी वही घेतली आणि एकेक ओळ मोठ्याने वाचत गेलो. तोच हिशेब इथे देत आहे. समजायला सोपे जावे म्हणून महागाई भत्ता सरसकट 50 टक्के धरला आहे. तो वेळोवेळी बदलतो, म्हणून तुमच्या पत्रकातला आकडा वेगळा असेल.

डावी बाजू : मिळणारे पैसे

पगारपत्रकाला दोन बाजू असतात. एका बाजूला मिळणारे, दुसऱ्या बाजूला कापलेले. आधी मिळणारे पाहू.

मूळ वेतन 25,500 रुपये. बाकीचे बहुतेक आकडे यावरून निघतात, म्हणून हा आकडा पाठ असावा. दरवर्षी वेतनवाढ लागते तेव्हा हाच वाढतो.

महागाई भत्ता 50 टक्के, म्हणजे 12,750 रुपये.

घरभाडे भत्ता. खेड्यात आणि लहान गावात काम करणाऱ्याला तो सर्वांत कमी दराने मिळतो. आपण 10 टक्के धरू, म्हणजे 2,550 रुपये. पण सरकारी निवासस्थानात राहणाऱ्याला हा भत्ता मिळत नाही. उपकेंद्राच्या इमारतीत राहणाऱ्या सिस्टरच्या पगारात ही ओळ रिकामी दिसली तर ती चूक समजू नये.

वाहतूक भत्ता 1,350 रुपये.

बेरीज केली तर 42,150 रुपये होतात. याला एकूण वेतन म्हणतात. गावात पसरला तो आकडा हाच.

उजवी बाजू : कापलेले पैसे

आता कपाती. इथे प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा : हा पैसा कायमचा गेला, की माझ्याच नावावर साठला?

*पेन्शनची कपात.* महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर सरकारी नोकरीत लागलेल्यांना अंशदायी पेन्शन योजना लागू झाली. पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये गेली. यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या 10 टक्के रक्कम कापतात. आपल्या हिशेबात 38,250 चे 10 टक्के, म्हणजे 3,825 रुपये. सर्वांत मोठी कपात हीच आहे, आणि ती गेलेली नाही. ती तुमच्या प्रान क्रमांकाच्या खात्यात जमा होते. शिवाय शासन आपल्याकडून 14 टक्के घालते, म्हणजे 5,355 रुपये. ही रक्कम हातात येत नाही, म्हणून घरच्यांना ती दिसत नाही. दोन्ही मिळून दरमहा 9,180 रुपये म्हातारपणासाठी बाजूला पडतात. हे ऐकल्यावर मुलीचे वडील पहिल्यांदा मान वर करून बोलले, "म्हणजे सरकारपण टाकतंय?"

2005 च्या आधी लागलेल्यांच्या पत्रकात याऐवजी भविष्य निर्वाह निधीची ओळ असते. तोही आपलाच साठा असतो.

*व्यवसाय कर.* हा राज्याचा कर आहे. 1975 च्या कायद्याने तो महाराष्ट्रात लागू झाला. आपल्या उदाहरणातल्या पगाराला दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये, म्हणजे वर्षाला 2,500 रुपये. राज्यघटनेने या कराला घातलेली कमाल मर्यादा हीच आहे. फेब्रुवारीचा पगार शंभर रुपयांनी कमी दिसला म्हणून दरवर्षी कोणी ना कोणी फोन करते. त्याचे कारण हे. महिलांसाठी एप्रिल 2023 पासून दरमहा 25,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही. पुरुषांना ही सवलत नाही, त्यांना 10,000 च्या वर पगार गेला की 200 रुपये लागतात. हा पैसा परत येत नाही.

*गट विमा.* आपण 360 रुपये धरू. यातला एक भाग विम्याचा असतो आणि एक भाग बचतीचा. नोकरीत असताना मृत्यू झाला तर वारसाला विम्याची रक्कम मिळते. निवृत्त झाल्यावर बचतीचा भाग व्याजासह परत मिळतो.

*पतसंस्था.* कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेचे सभासद झाल्यास मासिक वर्गणी कापतात. आपण 1,000 रुपये धरू. ही तुमच्या संमतीने होणारी कपात आहे. सही केलेला अर्ज कुठेतरी असतो. तो नोकरी लागल्याच्या गडबडीत न वाचता भरलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

आता बेरीज : 3,825 अधिक 200 अधिक 360 अधिक 1,000, म्हणजे 5,385 रुपये. एकूण 42,150 मधून 5,385 गेले की 36,765 रुपये उरतात. याला निव्वळ वेतन म्हणतात. बँकेत येतो तो आकडा हा. घरखर्च, उचल, हप्ता, देणगी, जे काही ठरवायचे ते या आकड्यावर ठरवावे. नेमणूक आदेशावरच्या किंवा गावात ऐकलेल्या आकड्यावर कधीही ठरवू नये.

त्या ओट्यावर आम्ही आणखी एक गोष्ट केली. कापलेल्या 5,385 मधून खरोखर गेलेले किती, ते वेगळे काढले. व्यवसाय कराचे 200 आणि विम्याचा थोडासा भाग, बस. बाकी सगळे मुलीच्याच नावावर होते.

आदिवासींना कर माफ असतो का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बैठकीत येतो, म्हणून नीट सांगतो. आयकर कायद्यात अनुसूचित जमातींच्या व्यक्तींसाठी सूट आहे, हे खरे. पण ती नागालँड, मणिपूर, त्रिपुरा, अरुणाचल प्रदेश, मिझोराम, लडाख आणि सहाव्या अनुसूचीतली आसाम-मेघालयाकडची आदिवासी क्षेत्रे येथे राहणाऱ्यांना, त्या भागातील उत्पन्नावर मिळते. महाराष्ट्रातले आदिवासी क्षेत्र पाचव्या अनुसूचीत येते. त्यामुळे धडगाव, जव्हार, धारणी किंवा भामरागडच्या कर्मचाऱ्याला ही सूट लागू नाही. जातीचा दाखला जोडून कर वाचवून देतो असे कोणी सांगितले तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. 2025-26 या आर्थिक वर्षापासून नव्या कर-पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर भरावा लागत नाही. पगारदाराला 75,000 रुपयांची प्रमाण वजावट धरून ही मर्यादा 12 लाख 75 हजार होते. आपल्या उदाहरणातल्या सिस्टरचा वर्षाचा पगार 5,05,800 रुपये आहे. तिला आयकर लागत नाही. तरीही पॅन कार्ड कार्यालयात दिलेले असावे. पॅन नसेल तर कर कापण्याची वेळ येते तेव्हा तो 20 टक्के दराने कापला जाऊ शकतो.

कंत्राटी कर्मचाऱ्यांसाठी

राष्ट्रीय आरोग्य अभियानात किंवा एखाद्या एजन्सीमार्फत काम करणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो. त्यांना एकत्रित मानधन मिळते. महागाई भत्त्याची वेगळी ओळ नसते.

एजन्सीमार्फत लागलेल्या, महिना 18,000 रुपये घेणाऱ्या कर्मचाऱ्याचे उदाहरण घेऊ. भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, 12 टक्के. सध्याची पगारमर्यादा 15,000 असल्याने त्यावर 1,800 रुपये कापले जातात. कर्मचारी राज्य विमा योजना लागू असेल तर 0.75 टक्के, म्हणजे 135 रुपये. ही योजना 21,000 पर्यंतच्या पगाराला असते. दोन्ही मिळून 1,935 रुपये. महिला कर्मचाऱ्याच्या हातात 16,065 येतील. पुरुषाचा व्यवसाय कर 200 रुपये जाऊन 15,865 येतील. एकाच कामाला दोघांच्या हातात वेगळे पैसे का, यावरून एका केंद्रात भांडण झालेले मी पाहिले आहे. कारण फक्त हे 200 रुपये होते.

इथे तीन गोष्टी तपासाव्यात.

एक, मालकाचा हिस्सा. पीएफमध्ये मालकानेही 12 टक्के घालायचे असतात. आपल्या उदाहरणात तेही 1,800 रुपये. त्यातले 1,250 पेन्शन योजनेत जातात आणि 550 तुमच्या पीएफमध्ये. हा हिस्सा कर्मचाऱ्याच्या पगारातून कापता येत नाही. पत्रकात पीएफच्या नावाने 3,600 कापलेले दिसले, तर लेखी विचारणा करा.

दोन, पैसे भरले का. पगारातून कापले म्हणजे भरले असे नाही. तुमचा बारा आकडी यूएएन क्रमांक मागून घ्या आणि उमंग अॅपवर पासबुक पाहा. आमच्या ओळखीच्या एका तरुणाच्या पगारातून अकरा महिने कपात झाली, पण पासबुकात चारच महिने जमा होते. त्याने पगारपत्रकांच्या प्रती जपल्या होत्या, म्हणून पीएफ कार्यालयात तक्रार देता आली आणि बाकीचे पैसे जमा झाले. प्रती नसत्या तर काय दाखवणार होता?

तीन, कापलेला कर. काही ठिकाणी कंत्राटी डॉक्टर किंवा तज्ज्ञ कर्मचाऱ्यांचे मानधन व्यावसायिक शुल्क धरून त्यातून 10 टक्के आयकर आधीच कापतात. वर्षाचे उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून हा पैसा परत मिळतो. विवरणपत्र भरलेच नाही तर तो परत येत नाही. आपली कितीतरी मुले हा पैसा केवळ माहिती नाही म्हणून सोडून देतात.

आशाताईंचा मोबदला बराचसा कामाच्या नोंदींवर ठरतो. त्यांच्या पैशात घट दिसली तर कपातीपेक्षा नोंद राहून गेली का, हे आधी पाहावे. दरमहा भरलेल्या दाव्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.

आदिवासी भागातला जादा लाभ आणि नंतरची वसुली

2002 च्या शासन निर्णयानुसार आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या राज्याच्या कर्मचाऱ्यांना एकस्तर वरच्या वेतनश्रेणीचा लाभ दिला जातो. तो त्या भागात काम करीत असेपर्यंतच असतो. बदली होऊन बिगरआदिवासी भागात गेले की पगार पूर्वीच्या श्रेणीवर येतो. बदलीनंतर पगार कमी झाला म्हणून शिक्षा झाली असे समजू नये.

अडचण येते ती लाभ बंद करायला कार्यालय विसरते तेव्हा. तीन-चार वर्षांनी तपासणीत ते उघड होते आणि लाखाच्या घरातली वसुली निघते. अशा वेळी घाईने संमतिपत्रावर सही करू नका. आधी लेखी आदेश आणि महिनावार हिशेब मागा. सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात डिसेंबर 2014 मध्ये काही परिस्थितींत अशी वसुली करता येणार नाही असे सांगितले आहे. त्यात वर्ग तीन व चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, आणि पाच वर्षांहून अधिक काळ चुकीने दिले गेलेले जादा पैसे यांचा समावेश आहे. मात्र जादा रक्कम निघाल्यास परत करीन असे हमीपत्र तुम्ही आधी दिले असेल, तर गोष्ट बदलू शकते. 2016 च्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने तसे म्हटले आहे. म्हणून सही करण्यापूर्वी वाचा, आणि प्रकरण मोठे असेल तर संघटनेचा किंवा वकिलाचा सल्ला घ्या.

सर्वांत चांगले म्हणजे स्वतःच लक्ष ठेवणे. बदलीनंतर दोन महिन्यांत पगार कमी झाला नाही, तर खूश होऊन गप्प बसू नका. कार्यालयाला अर्ज द्या. आपले नसलेले पैसे आपल्याकडे राहिले, तर ते पुढे ओझे होऊन परत येतात.

पगारपत्रकात न दिसणारी गळती

निव्वळ वेतन 36,765 आणि खात्यात 36,300 असे कधीकधी दिसते. ही घट कार्यालयात होत नाही, बँकेत होते. मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीस जीवन ज्योती विम्याचे 436 रुपये आणि सुरक्षा विम्याचे 20 रुपये आपोआप कापले जातात. हे विमे चांगले आहेत, दोन्हीत दोन-दोन लाखांचे संरक्षण आहे. पण घरच्यांना त्यांची माहितीच नसेल, तर दुर्दैवाच्या वेळी दावा कोण करणार?

दुसरी गळती जामीनकीची. सहकाऱ्याला पतसंस्थेच्या कर्जासाठी जामीन राहिलात आणि त्याने हप्ते थकवले, तर वसुली तुमच्या पगारातून होऊ शकते. आपल्या माणसांना नाही म्हणता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सही करण्यापूर्वी घरी विचारा.

तिसरी गळती सर्वांत वाईट. एटीएम कार्ड आणि त्याचा पिन सावकाराकडे किंवा ओळखीच्या माणसाकडे तारण ठेवणे. पगार झाला की तोच काढून घेतो आणि आपल्या हातावर उरलेले ठेवतो. असे कार्ड कोणाकडे असेल तर बँकेत जाऊन ते आजच बंद करा व नवे घ्या. कर्ज फेडायचे ते आपल्या हाताने फेडावे.

दर महिन्याला करायच्या पाच गोष्टी

1. पगारपत्रकाची प्रत घ्या आणि एका फाइलमध्ये लावा. मागण्याचा संकोच करू नका.
2. निव्वळ वेतन आणि बँकेत जमा रक्कम जुळते का, पाहा.
3. मागच्या महिन्याच्या पत्रकाशी ताडून पाहा. जी ओळ बदलली असेल तिचे कारण विचारा.
4. एनपीएस किंवा पीएफचे खाते निदान तीन महिन्यांनी एकदा उघडा.
5. वर्षातून एकदा वारसनोंद तपासा. आश्रमशाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, असे आपल्याकडे फार होते. सेवापुस्तक, आधार, पॅन आणि बँक यांत नाव एकसारखे करून घ्या. लग्नानंतर वारस बदलायचे राहून जाते, तेही पाहा.

शंका असेल तर आधी कार्यालयातील वेतनाचे काम पाहणाऱ्या लिपिकाला नम्रपणे विचारा. उत्तर मिळाले नाही तर अर्ज लिहा आणि पोच घ्या. मोठ्याने भांडण्यापेक्षा पोच घेतलेला एक कागद अधिक काम करतो.

शेवटी

त्या मुलीच्या वडिलांनी हिशेब ऐकल्यावर वहीचे पान फाडून मागितले. त्यांना वाचता येत नाही. पण ते पान घडी करून त्यांनी खिशात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी बाजारात उचल देणाऱ्याला दाखवले, की एवढेच येतात, हप्ता एवढाच देता येईल. हप्ता कमी झाला, मुदत वाढली. मुलगी आता दर महिन्याला पत्रक घरी आणते आणि धाकट्या भावाकडून मोठ्याने वाचून घेते. भाऊ नववीत आहे. टक्केवारीचे गणित त्याला आता पुस्तकाबाहेरही येते.

गटात चर्चेसाठी

1. आपल्या घरात पगाराचा हिशेब कोणाला माहीत आहे? कोणाला माहीत असायला हवा?
2. मूळ वेतन 30,000 आणि महागाई भत्ता 50 टक्के असेल, तर एनपीएसची कपात किती? शासनाचा हिस्सा किती? (उत्तर : 4,500 आणि 6,300 रुपये.)
3. आपण न वाचता सही केलेला एखादा अर्ज आठवतो का? त्याची प्रत मिळवता येईल का?
4. घरातल्या कमावत्या मुलीवर किंवा मुलावर आपण कधी विनाकारण संशय घेतला आहे का? तो कसा दूर करता येईल?